शरदातला तिरपा उजेड: चांदा आणि भोवतालचा मुलूख

तुळशीचे लग्न लागेपर्यंत आमच्या धंद्यात कामे थंड असतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल या गावच्या बाजारात बाबांनी उभा केलेला फोटो स्टुडिओ आता मी चालवते. पितृपक्षापासून तुळशीविवाहापर्यंत पासपोर्ट आकाराचे फोटो, नवरात्रात एखाद्या मंडळाचे काम आणि दिवाळीत दोन-चार घरचे कार्यक्रम सोडले, तर कॅमेरा मोकळाच असतो. गेली नऊ वर्षे हे मोकळे दिवस मी एकाच कामाला देत आले आहे: शरद ऋतूत चंद्रपूरचा किल्ला, दरवाजे, समाध्या आणि शहराभोवतीचा धानाचा व कापसाचा मुलूख टिपणे. आमच्याकडची म्हातारी माणसे अजूनही या शहराला चांदाच म्हणतात आणि माझ्याही तोंडी तेच नाव बसले आहे.

शरद म्हटले की मोबाइलवर परदेशातल्या लाल-पिवळ्या पानांची चित्रे येऊन पडतात. आपल्याकडे तसे काही घडत नाही, कारण आपली पानगळ शिशिरातली आहे. आश्विनात आमचे सागवान हिरवेच असते. आमच्या शरदाचा रंग झाडाच्या पानांत नसून जमिनीलगत असतो. निसवलेले धान हिरव्याकडून सोनेरीकडे वळू लागते, नदीकाठी काशाचे पांढरे तुरे उभे राहतात, शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कुर्डूची गुलाबी-पांढरी कणसे डोलतात आणि दसऱ्यासाठी राखलेला झेंडू घराघरांच्या आवारात पेटतो. मात्र या रंगांपेक्षाही मला शरदाची ओढ लागली आहे ती त्याच्या उजेडामुळे, आणि त्या उजेडाचे गणित समजायला मला बरीच वर्षे लागली.

२३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य अगदी पूर्वेला उगवतो आणि त्यानंतर दररोज थोडाथोडा दक्षिणेकडे सरकत जातो. चंद्रपूर जवळपास २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २३ सप्टेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ७० अंशांवर असतो, ऑक्टोबरच्या मध्याला तो सुमारे ६१ अंशांवर उतरतो आणि नोव्हेंबरच्या मध्याला ५१-५२ अंशांवर येतो. ऊन असे तिरपे होत जाते आणि सकाळ-संध्याकाळचा मऊ उजेड थोडा जास्त वेळ टिकतो. त्यातच ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मोसमी पाऊस साधारणपणे विदर्भातून माघारी फिरतो आणि चार महिने धुतलेली हवा काही दिवस निवळ राहते. पुढे थंडी पडू लागली की रात्री गार हवा जमिनीलगत अडकते, तिच्यात धूर आणि धूळ साचते आणि सकाळी दूरचे सगळे करडे दिसू लागते. म्हणून तिरपा उजेड आणि स्वच्छ हवा यांची गाठ पडते ती जेमतेम चार-पाच आठवडे, आणि मला जे हवे असते ते याच आठवड्यांत मिळवावे लागते.

हे मला शिकवले ते शहराच्या दक्षिण अंगाला, लालपेठ भागात असलेल्या दगडी मूर्तींनी. रायप्पा नावाच्या एका कोमटी सावकाराला गोंडकाळात तिथे शिवाचे भव्य मंदिर उभारायचे होते, असे सांगतात. मंदिर झाले नाही, पण त्यासाठी घडवलेल्या अवाढव्य मूर्ती जागच्या जागी पडून राहिल्या. त्यांतली दहा तोंडांची दुर्गा सगळ्यांत मोठी. लोक तिला सरळ रावण म्हणतात. जुन्या गॅझेटियरमध्ये तिची लांबी २६ फूट आणि रुंदी १८ फूट दिली आहे. शेजारी गणपती आहे, नंदी आहे, इतरही देव आहेत, आणि यांतली प्रत्येक मूर्ती एकेका अखंड दगडात उठावाने कोरलेली आहे.

पहिल्यांदा मी तिथे गेले ती सकाळी अकरा वाजता, मावशीकडचा नाश्ता आटोपून, निवांत. त्या दिवशी काढलेल्या साठ-सत्तर फोटोंपैकी एकही मी नंतर कुणाला दाखवला नाही. ऊन वरून सरळ पडत होते, त्यामुळे चेहऱ्यांचे नाक-डोळे दगडात विरून गेले होते आणि दहा तोंडांची दुर्गा नुसती एक मोठी करडी शिळा दिसत होती. घरी आल्यावर बाबांना ते फोटो दाखवले. बाबांनी उभी हयात रोल भरून फोटो काढण्यात घालवली होती आणि एक फ्रेम वाया गेली तरी त्यांच्या जिवाला लागत असे. त्यांनी फोटो शांतपणे पाहिले आणि एवढेच म्हणाले, “बेटा, दगडाले उजेड डोक्यावरून देऊ नको. बाजूनं दे. माणसाच्या तोंडावर सुरकुती कशी दिसते, तसं.”

दुसऱ्या खेपेला मी सूर्योदयाआधी पोचले. ऑक्टोबरच्या मध्याला चंद्रपुरात सूर्य साधारण सहा वाजून दहा मिनिटांनी उगवतो. उगवल्यावर पहिली वीस मिनिटे आसपासच्या झाडा-घरांमुळे शिळेवर काहीच पडले नाही. मग एका कडेने उजेड आत शिरला आणि जे दिसले ते मी आजही विसरले नाही. सूर्योदयानंतर पाऊण तासाने सूर्य क्षितिजापासून दहाएक अंशांवर असतो, आणि तेव्हा बोटभर उंचीच्या कोरीव रेषेची सावली तिच्या उंचीच्या साडेपाच पट लांब पडते. एकेक मुकुट वेगळा सुटला, ओठांच्या कडा वर आल्या, हातांमधल्या फटी काळ्या झाल्या. मी गुडघे टेकून भिंग शिळेच्या अगदी जवळ नेले तेव्हा छिन्नीचे घाव दिसले. जवळजवळ, एकाच दिशेने मारलेले, तांदळाच्या दाण्याएवढे घाव होते, आणि काही ठिकाणी ते मध्येच थांबलेले होते. त्या थांबलेल्या घावांच्या खळग्यांत रात्रीचे दव साचले होते आणि एक मुंगी त्याच्या काठाकाठाने फिरत होती. काम कुठे सोडले गेले, ती जागा मला बोट ठेवून दाखवता आली असती. साडेआठपर्यंत उजेड पुन्हा वर चढला आणि शिळा पूर्ववत सपाट झाली.

तेव्हापासून चंद्रपूरच्या प्रत्येक बांधकामाकडे मी एकच प्रश्न घेऊन जाते: याचे तोंड कुठल्या दिशेला आहे? किल्ल्याच्या बाबतीत तर हा प्रश्न फार उपयोगी पडतो. खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजाने नगराचा पाया घातला असे परंपरा सांगते. झरपट नदीच्या पाण्याने राजाचे दुखणे बरे झाले आणि सशाने कुत्र्याचा पाठलाग केला त्या वाटेने तटाची आखणी झाली, ही लोककथा इथल्या पोरासोरांनाही पाठ असते. कोट सुमारे ११ किलोमीटर लांबीचा आहे. उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा आणि पश्चिमेला बिनबा असे चार दरवाजे आहेत, शिवाय बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसान या खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे. दरवाजांवर हत्तीला जेरबंद करणारा सिंह कोरलेला आहे. हे गोंडांचे राजचिन्ह.

आता सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो हे एकदा लक्षात घेतले, की उत्तरेकडच्या जटपुरा दरवाजाच्या बाहेरच्या अंगाला सगळा शरद थेट ऊन लागत नाही, हे आपोआप कळते. शहरात येणारा प्रत्येक जण हाच दरवाजा आधी पाहतो, त्याचाच फोटो काढतो आणि मागे पांढरेफटक आभाळ, पुढे काळवंडलेली कमान असे काहीतरी घरी नेतो. तिथे उन्हाची वाट पाहण्यात अर्थ नाही. मी तिथे सूर्य मावळल्यावर जाते. ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य पावणेसहाच्या पुढे मावळतो, आणि त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी आभाळाचा निळा आणि दुकानांच्या दिव्यांचा पिवळा उजेड एका पातळीवर येतात. त्या वेळी शटर सहा-आठ सेकंद उघडे ठेवले की रिक्षा आणि दुचाकी नुसत्या उजेडाच्या रेघा होतात, दगड मात्र जागचा हलत नाही. गर्दी टाळायची नसतेच. हा दरवाजा आजही वापरात आहे, रोज हजारो लोक त्याच्याखालून जातात, आणि रिकाम्या कमानीचा फोटो मला खोटा वाटतो.

अंचलेश्वर दरवाजाचे उलटे आहे. बाहेरचे अंग पूर्वेला, झरपटीकडे, म्हणून सकाळी तिथे भरपूर ऊन मिळते. पण माझे मन तिथे जडले आहे ते कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, आणि तो आभाळात पुरेसा वर येईपर्यंत खाली काळोख झालेला असतो; मग चंद्र नीट घ्यावा तर दरवाजा काळा, दरवाजा नीट घ्यावा तर चंद्राच्या जागी पांढरा ठिपका. चतुर्दशीला चंद्र सूर्यास्ताच्या अर्ध्या-पाऊण तास आधी उगवतो. तेव्हा शहराच्या आतून पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले, तर मावळतीचे ऊन दरवाजाच्या आतल्या अंगावर पडलेले असते आणि मागून चंद्र वर येत असतो, दोन्ही एकाच उजेडात. समोरच्या घरांच्या सावल्या दगडावर चढेपर्यंत दहा मिनिटे मिळतात. नऊ वर्षांत हा योग मला दोनदा साधला. एरवी ढग आडवे आले.

याच अंगाला अंचलेश्वराचे मंदिर आणि गोंड राजांच्या समाध्या आहेत. राजा बीरशहाची समाधी त्याच्या राणीने, हिराईने, बांधून घेतली. तिथे घुमटापेक्षा मला कमानींमधून जमिनीवर पडणारे उन्हाचे पट्टे जास्त खुणावतात. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंमध्ये तिपाईला परवानगी लागते, म्हणून तिथे मी हातात धरून, भिंतीला खांदा टेकवून काम करते.

कोटाबद्दल थोडे वेगळे लिहायला हवे. पावसाळ्यात तटावर झुडपे आणि वेली इतक्या माजतात की कित्येक ठिकाणी भिंत आहे हेच कळत नाही. शहरातल्या इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून श्रमदानाने हा तट आणि बुरूज मोकळे करण्याचे काम हाती घेतले आणि शेकडो दिवस चिकाटीने चालवले. त्यापूर्वीचे माझ्याकडचे काही फोटो आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवले, तर एकच जागा ओळखू येत नाही. हे काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. दगड फोटोत दिसतो, कारण कुणीतरी आधी तो हातांनी उघडा केलेला असतो. तरीही शरदात तटाच्या सांध्यांतून गवत उगवलेले असते आणि त्याच्या तुऱ्यांमागे सूर्य ठेवला तर ते काचेच्या तंतूंसारखे उजळते. हा फोटो घेताना भिंत काळी राहू द्यावी. भिंतीसाठी उजेड वाढवायला गेले की गवत हातचे जाते.

१५ आणि १६ ऑक्टोबरला मी किल्ल्याकडे फिरकत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि दिली, आणि लगेच १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात येऊन इथल्या लोकांना दीक्षा दिली. त्याची आठवण म्हणून दरवर्षी या दोन दिवसांत चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर खेड्यापाड्यांतून माणसांची रीघ लागते. पांढरी वस्त्रे, पंचशील ध्वज, पुस्तकांची दुकाने, डोक्यावर गाठोडे घेतलेल्या म्हाताऱ्या. पांढऱ्या कपड्यांमुळे कॅमेऱ्याचे मापन चुकते आणि फोटो काळपट येतो, म्हणून एक्स्पोजर एका स्टॉपने वाढवून ठेवावे लागते. मी वास्तूचे फोटो तिथे एक-दोनच काढते. आमच्या गावच्या एक आजीबाई दरवर्षी तिथे येतात, पहाटे येऊन रांगेत उभ्या राहतात, आणि स्तूपासमोर हात जोडताना त्यांची मान ज्या प्रकारे खाली झुकते, ते मी आजवर पाच वेळा टिपले आहे. पाचही फोटो त्यांच्या घरात लावलेले आहेत.

तळ्यांचा मोह मात्र मी आवरता घेतला आहे. शहरातला रामाळा तलाव आणि बल्लारपूरच्या अंगाला जंगलातला जुनोना तलाव, दोन्ही गोंडकालीन, दोन्ही शरदात तुडुंब. पाण्यावरची चकाकी कमी करायला पोलरायझर फिल्टर लावतात, पण रुंद लेन्सवर तो लावला की आभाळाचा एक भाग गडद निळा आणि दुसरा फिका दिसतो, आणि हा दोष नंतर सहजी काढता येत नाही. त्यामुळे तळ्यावर मी पन्नास मिलिमीटरची लेन्स वापरते आणि आभाळ थोडेच घेते. १ ऑक्टोबरला ताडोब्याचा गाभा पर्यटकांसाठी उघडतो आणि बाहेरगावची मंडळी शहराला वळसा घालून थेट मोहर्लीच्या प्रवेशद्वाराला जातात. वाघ पाहावा, त्यात वावगे काही नाही. जाताना एक सकाळ लालपेठेला द्यावी, एवढीच माझी विनंती असते.

चंद्रपूरचे वैशिष्ट्य म्हणजे हे शहर दोन मुलुखांच्या मधोमध वसले आहे. पश्चिमेला वरोरा, भद्रावती आणि वर्धा नदीपलीकडे राजुरा-कोरपना, ही काळ्या मातीची, कापूस आणि सोयाबीनची शेती. पूर्वेला मूल, सावली, सिंदेवाही, ही धानाची झाडीपट्टी. दसऱ्याच्या सुमारास पश्चिमेकडे सोयाबीन निघालेले असते आणि कापसाचा पहिला वेचा सुरू होतो. पूर्वेकडे त्याच आठवड्यात लवकर येणारे हलके धान पिवळे पडते आणि उशिरा येणारे भारी धान अजून हिरवे असते. दोन्ही बाजूंचे फोटो एकाच दिवशी घेतले, तर ती दोन वेगळ्या प्रांतांची चित्रे वाटतात. भद्रावतीच्या विजासन लेणीला जाताना मी वाटेत कापसाच्या वावरात उतरते. उमललेले बोंड पाठीमागच्या उजेडात घेतले की आतला एकेक धागा मोजता येतो.

मुलूख कळल्याशिवाय किल्ला कळत नाही, असे मला आता वाटते. गोंड राजांनी या भागात तळी बांधायला लावली. तळे बांधणाऱ्याला जमीन मिळे, आणि त्या पाण्यावर धान पिके. आज ज्यांना आम्ही मामा तलाव म्हणतो त्या माजी मालगुजारी तलावांची आणि बोड्यांची, म्हणजे लहानसहान तळ्यांची, परंपरा या मुलखात अशी जुनी आहे, आणि कोटाचे दगड रचणाऱ्या हातांना तांदूळ पुरवला तो अशाच पाण्याने. म्हणून माझ्या संग्रहात तटाच्या फोटोशेजारी बांधीचा, म्हणजे धानाच्या शेताचा, फोटो असतो. आश्विनात तळ्यांवर कमळे असतात आणि ढिवर समाजाची माणसे शिंगाडे काढायला पाण्यात उतरतात. त्यांचे हात पाण्याखाली असतात आणि नजर मात्र दूर कुठेतरी लागलेली असते. बोटांनाच कळते कुठला शिंगाडा तयार झाला आहे ते.

सामानाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती मला महागात पडली. पावसाळ्यात मी एक जुनी पण उत्तम लेन्स कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवली होती. दसऱ्याला बाहेर काढली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती. ती लेन्स बाबांची होती. साफ करून आणली, पण काचेवरचा लेप खाल्ला गेला होता आणि उजेडासमोर धरली की चित्र धुरकट येत असे. आता आषाढ लागताच सगळी भिंगे हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह जातात. पुड्यांचा रंग बदलला की त्या गरम करून पुन्हा वापरते. आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक लेन्स बाहेर काढून उन्हाकडे धरून पाहते.

मूल ते चंद्रपूर हे अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास आहे आणि रस्ता जंगलातून जातो, त्यामुळे पहाटेच्या अंधारात दुचाकीने निघणे बरे नाही. मी आदल्या संध्याकाळी मावशीकडे मुक्कामाला जाते आणि काम झाल्यावर दुपारच्या पुढे परत फिरते. गेल्या वर्षी दिवाळीआधी अशीच परत येताना गावाच्या अलीकडे धानाची कापणी चाललेली दिसली. सहा-सात बाया एका ओळीत वाकून विळा चालवत होत्या आणि मागे कडपा पसरत होत्या. सूर्य बराच खाली आला होता आणि प्रत्येक लोंबीची सावली पुढच्या लोंबीवर पडत होती, लालपेठच्या शिळेवर रेषेची पडते तशी. मी गाडी लावून धुऱ्यावर गेले आणि कडेच्या मावशींना विचारले, “मावशी, फोटो काढू का?”

त्या उभ्या राहिल्या, कमरेला हात लावून अंग मोकळे केले आणि म्हणाल्या, “काढ ना माय. पण थांब, घाम पुसू दे अगोदर. अन् मले बी एक देजो, मोबाइलात नाही, कागदावरचा.”

त्यांनी पदराने तोंड पुसले, विळा डाव्या हातातून उजव्या हातात घेतला आणि सरळ कॅमेऱ्यात पाहिले. उजेड त्यांच्या उजव्या गालावर होता. मी तीन फोटो घेतले. भाऊबीजेनंतर गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली त्या दिवशी आठ बाय बाराचा छापून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पदराच्या कोरड्या भागात गुंडाळला आणि मंडईभर तसाच छातीशी धरून फिरल्या.